हाक कोणाची, ऐकतो कोण? – शरीरातल्या संप्रेरकांची ओळख

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभी असताना आपल्या मंडळातल्या एका ताईंनी मला बाजूला घेतले आणि फोनवरचा एक अहवाल दाखवला. उन्हाळ्यात त्या पुण्याला गेल्या होत्या, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज घेतले होते. अहवालात टी.एस.एच. या ओळीपुढे १४.२ असा आकडा आणि त्याच्या शेजारी वर जाणारा लाल बाण. ताई जरा खुशीतच म्हणाल्या, "म्हणजे माझा थायरॉईड जास्त काम करतोय ना? मग आता वजन आपोआप उतरेल!"

मी हातातली चकली ताटलीत परत ठेवली, कारण अर्थ नेमका उलटा होता. त्यांची थायरॉईड ग्रंथी कमी काम करत होती. हा घोटाळा एकट्या ताईंचा नाही. सुट्टीवरून परतलेली मंडळी असे अहवाल घेऊन माझ्याकडे येतात, आणि दहातल्या निम्म्यांचा तरी हाच समज असतो. म्हणून या अंकात त्याविषयी सविस्तर लिहायचे ठरवले. मी डब्लिनमधल्या एका रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम करते. रक्ताच्या नळ्या यंत्रात लावणे आणि आकडे पडताळणे हा माझा रोजचा उद्योग. मी डॉक्टर नाही, तेव्हा तुमच्या गोळ्या कमीजास्त करणे हे माझे काम नव्हे. आकडा काय बोलतो एवढे मात्र सांगू शकते.

आपल्या शरीरात दोन प्रकारच्या ग्रंथी आहेत. घामाच्या किंवा लाळेच्या ग्रंथींना नळी असते, त्यांचा रस त्या नळीतून बाहेर पडतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नळीच नाही. त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. त्या अंतःस्रावी ग्रंथी, आणि त्यांचा रस म्हणजे संप्रेरक, आपल्या नेहमीच्या बोलण्यातले हार्मोन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी. गळ्यात फुलपाखराच्या आकाराची, जेमतेम वीस ग्रॅम वजनाची थायरॉईड. तिच्या पाठीमागे चिकटलेल्या चार चिमुकल्या पॅराथायरॉईड. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल. पोटात स्वादुपिंड, आणि स्त्रीपुरुषांच्या प्रजननग्रंथी. यादी इथे संपत नाही, पण आपल्याला एवढी पुरे.

शरीरात निरोप पाठवण्याचे दोन मार्ग आहेत. मज्जातंतू म्हणजे टेलिफोन: एका घरातून दुसऱ्या घरात तार टाकलेली, बोलणे तिथल्या तिथे पोहोचते. संप्रेरक म्हणजे आकाशवाणी. पुणे केंद्रावरून बातम्या सुटल्या की लहरी साऱ्या गावावरून जातात, पण ऐकू येतात त्या ज्याच्या घरी रेडिओ आहे आणि तो त्या केंद्रावर लावलेला आहे त्यालाच. संप्रेरक रक्तातून डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे फिरते. पण ज्या पेशींवर त्या संप्रेरकाला ओळखणारा ग्राहक रेणू असतो, त्याच पेशी ते ऐकतात. बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून संदेश म्हटला की पाठवणारा आणि ऐकणारा असे दोघे आलेच. एकाकडे पाहून दुसऱ्याची कल्पना येत नाही. ताईंचा घोटाळा झाला तो इथेच.

हे कळले कसे, याची गोष्ट रंजक आहे. १९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्नेस्ट स्टार्लिंग आणि विल्यम बेलिस हे मेहुणे-मेहुणे काम करत होते. (स्टार्लिंगचे वडील मुंबईत न्यायालयात अधिकारी होते, म्हणजे त्या घराचा आपल्याकडे थोडा संबंध पोहोचतो.) अन्न जठरातून आतड्यात उतरले की स्वादुपिंड पाचकरस सोडते, ते मज्जातंतूंच्या सांगण्यावरून, असे तेव्हा सगळे मानत. या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू कापून टाकले आणि त्यात आम्ल सोडले. टेलिफोनची तार तुटलेली, तरी स्वादुपिंडातून रस आलाच. निरोप रक्तातून गेला होता. १९०५ साली स्टार्लिंगने अशा पदार्थांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द व्याख्यानात वापरला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतवणे, प्रवृत्त करणे. आपल्याकडे ज्याने ‘संप्रेरक’ हा शब्द बसवला, त्याने तो फार नेमका बसवला असे मला नेहमी वाटते.

आता थायरॉईडकडे वळू. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन, म्हणजे टी-४ बनवते. पेशींमध्ये त्यातून एक आयोडीनचा अणू काढून घेतला की टी-३ होते, आणि खरे काम ते करते. पेशींनी इंधन किती वेगाने जाळायचे, हृदयाने किती भराभर चालायचे, आतड्यांनी किती हलायचे, हे ते ठरवते. पण थायरॉईड स्वतःहून उठून कामाला लागणारी ग्रंथी नाही. तिला हाक मारावी लागते. ती हाक पीयूषिका मारते, आणि त्या हाकेचेच नाव टी.एस.एच.

सकाळची शाळा आहे, आई स्वयंपाकघरात डबा भरते आहे आणि मुलगी वरच्या मजल्यावर झोपली आहे असे समजा. आई एकदा हलक्या आवाजात हाक मारते. मुलगी उठली, पावले वाजली की आई गप्प होते. मुलगी उठलीच नाही तर आईचा आवाज चढत जातो, आणि शेवटी शेजारच्या आयरिश आजीलाही मुलीचे नाव पाठ होते. आता तुम्ही रस्त्यावरून जात आहात आणि तुम्हाला आईचा चढलेला आवाज ऐकू आला, तर काय समजाल? मुलगी झोपलेली आहे. टी.एस.एच. वाढले म्हणजे आईचा आवाज वाढला, मुलीची हालचाल नव्हे. उलट टी.एस.एच. फार खाली गेले असेल तर मुलगी आधीच घरभर धावते आहे, म्हणजे थायरॉक्सिन जास्त झाले आहे, म्हणून आई गप्प बसली आहे, ही शक्यता आधी तपासायची.

ही आई भारी तिखट कानाची असते. रक्तातले टी-४ निम्म्यावर आले तर टी.एस.एच. शंभर पटीच्या घरात जाऊ शकते. म्हणूनच डॉक्टर आधी टी.एस.एच. मागवतात. साधारण ०.४ ते ४ ही प्रौढांची मर्यादा, प्रत्येक प्रयोगशाळेची थोडी वेगळी. आणि ज्या मात्रेत हे बोलणे चालते ती ऐकून मला अजून नवल वाटते. मोकळे टी-४ एक लिटर रक्तात ग्रॅमच्या एक अब्जांश भागाच्या दहा-बारा पट एवढेच असते. इतके थोडे मोजणे पूर्वी शक्यच नव्हते. न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास इन्शुलिन मोजण्याची जी युक्ती काढली, तिच्यामुळे ते शक्य झाले. १९७७ चे नोबेल पारितोषिक यालोबाईंना मिळाले. बर्सन तोवर वारले होते. आमची आजची यंत्रे त्याच युक्तीच्या नाती-पणत्या.

कधी कधी मात्र घरात तिसराच कोणी आईच्या आवाजाची नक्कल करून हाका मारू लागतो. या आजाराला आपल्याच गावातल्या माणसाचे नाव आहे, हे डब्लिनमधल्या किती मराठी घरांना ठाऊक असेल कोण जाणे. रॉबर्ट ग्रेव्ह्ज, जन्म डब्लिन १७९६. ऑस्ट्रियात फिरताना त्यांच्याजवळ कागदपत्रे नव्हती आणि जर्मन भाषा इतकी उत्तम येत होती की हेर समजून त्यांना दहा दिवस कोठडीत ठेवले होते, असा किस्सा सांगतात. पुढे ते मीद हॉस्पिटलात डॉक्टर झाले. ते रुग्णालय १९९८ साली टाला इथे हलले, पण हेट्सबरी स्ट्रीटवरून जाताना मी अजून त्या बाजूला बघते. तापाच्या रोग्याला उपाशी ठेवायचे, या तेव्हाच्या रिवाजाला फाटा देऊन ग्रेव्ह्ज रोग्यांना खायला घालत, आणि आपल्या थडग्यावर ‘याने तापाला जेवू घातले’ एवढेच लिहावे असे म्हणत.

१८३५ साली त्यांनी काही स्त्रियांची हकीकत छापली. छातीत सतत धडधड, गळ्यात वाढलेली ग्रंथी, आणि एकीचे डोळे इतके पुढे आलेले की झोपेतसुद्धा पापण्या मिटत नसत. ही तिन्ही लक्षणे एकाच दुखण्याची आहेत हे त्यांनी ताडले. थायरॉईड काय करते हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे ते निरीक्षण किती बारीक होते हे कळते. त्यांच्या आधी बाथ शहरातल्या पॅरी यांनी असे रोगी पाहिले होते आणि जर्मनीत १८४० साली बासेडो यांनी तेच लिहिले, म्हणून युरोपात अनेक ठिकाणी आजाराला बासेडोचे नाव आहे. इथे मात्र तो ग्रेव्ह्जचा आजार. किल्डेअर स्ट्रीटवरच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांचा पुतळा आहे.

कारण कळायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून असे प्रतिपिंड तयार करते, जे थायरॉईडवरच्या टी.एस.एच. ओळखणाऱ्या ग्राहक रेणूवर जाऊन बसतात. ग्रंथीला वाटते आईच हाक मारते आहे. ती भराभर थायरॉक्सिन ओतू लागते. खरी आई कधीच गप्प झालेली असते, टी.एस.एच. जवळजवळ शून्यावर येते, पण नक्कल करणारा थांबत नाही, कारण तो घरचे काही ऐकतच नाही. १९५६ साली न्यूझीलंडच्या ॲडम्स आणि पर्व्हिस यांना या नकलाकाराचा पहिला सुगावा लागला. भूक असून वजन उतरणे, हात थरथरणे, थंडीतही घाम, झोप उडणे, जिना न चढताही छाती धडधडणे, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जाण्यात वेळ दवडू नये. यावर चांगले उपचार आहेत. सिगारेट ओढणाऱ्यांचे डोळे मात्र जास्त बिघडतात.

पीयूषिकेकडून जाणाऱ्या निरोपावर ताबा राहिला नाही तर काय होते, याचेही प्रसिद्ध उदाहरण याच बेटावरचे आहे. चार्ल्स बर्न, जन्म १७६१, अल्स्टरमधला. त्याच्या पीयूषिकेतल्या गाठीने वाढीचे संप्रेरक इतके सोडले की तो साडेसात फुटांच्या वर गेला. लंडनमध्ये लोक पैसे देऊन त्याला बघायला येत. मेल्यावर शरीर चिरफाडीला जाऊ नये म्हणून समुद्रात दफन करा, असे तो सांगत असे. १७८३ साली बाविसाव्या वर्षी तो गेला, आणि जॉन हंटर या शल्यविशारदाने त्याचे शव मिळवलेच. सांगाडा दोनशेहून अधिक वर्षे लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात मांडलेला होता. २०२३ साली संग्रहालय नव्याने उघडले तेव्हा तो मांडणीतून काढला. २०११ साली त्याच्या दातांतून मिळालेल्या जनुकात जो दोष सापडला, तोच उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही कुटुंबांतही आहे. त्या घरांतल्या मुलांवर आता लहानपणापासून लक्ष ठेवता येते.

आता माझी गोष्ट. आठ वर्षांपूर्वी माझी थोरली दीड वर्षाची होती. नोव्हेंबर महिना, साडेचारला अंधार, रात्रपाळ्या, क्रेशची धावपळ. मी सतत थकलेली असे. दोन स्वेटर घालूनही थंडी वाजे, न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके. मी म्हणायची, इथली हवाच अशी, शिवाय लहान मूल, मग थकायला होणारच. साताऱ्याहून आईचा दर रविवारी फोन यायचा. तिने तीन रविवार एकच विचारले, "अगं, तुझा आवाज इतका घोगरा का येतोय? सर्दी झालीय का?" मला सर्दी नव्हती. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "मला तुझा चेहरा दाखव." चेहरा पाहून ती म्हणाली, "सुजलीयस तू. उद्या डॉक्टरकडे जा." रोज शेकडो थायरॉईडचे नमुने हाताळणाऱ्या मला हे सुचले नव्हते, ते चार हजार मैलांवरून तिला ऐकू आले. माझा नमुना आमच्याच प्रयोगशाळेत आला. आपला नमुना आपण हाताळायचा नसतो, म्हणून सहकारिणीने तो लावला. टी.एस.एच. ६८, मोकळे टी-४ फक्त ५.

कारण होते हाशिमोटोचा आजार. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी तो १९१२ साली वर्णिला. इथे प्रतिपिंड हाका मारत नाहीत, ग्रंथीच हळूहळू नष्ट करतात. मला थायरॉक्सिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत माणसात आले. हीच गोळी नव्हती तेव्हा काय करत? १८९१ साली न्यूकासलच्या डॉ. मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचला. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली, आणि तेवढ्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्या कामी आल्या. विकलोच्या डोंगरात फिरायला गेले की मला ती बाई आठवते.

पण मी एक मूर्खपणा केला, तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. वर्षभराने छान वाटू लागले. ‘जन्मभर गोळ्या खाऊ नयेत, शरीराला सवय लागते’ असे चारचौघांत ऐकलेले डोक्यात होते. गोळ्या बंद केल्या. काही झाले नाही, म्हणून धीर वाढला. काही का झाले नाही याचे उत्तर मला पाठ असायला हवे होते. ॲड्रिनलिन रक्तात दोन-तीन मिनिटे टिकते, इन्शुलिन पाच-सहा मिनिटे, पण थायरॉक्सिन निम्मे व्हायला सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्याचा परिणाम आठवडे गेल्यावर दिसतो. (डोस बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त का मागतात, त्याचेही हेच कारण.) तेवढ्यात मला दिवस गेले. मला ते सातव्या आठवड्यात कळले, तेव्हा टी.एस.एच. ३१ होते.

पहिले दहा-बारा आठवडे गर्भाची स्वतःची थायरॉईड काम करत नाही. त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते. हे मला पुस्तकातून माहीत होते आणि ती रात्र मी कशी काढली ते मलाच ठाऊक. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी त्याच दिवशी गोळी सुरू केली, ती आधीपेक्षा मोठ्या डोसाने, आणि दर चार आठवड्यांनी रक्त तपासले. ज्या भगिनी आधीपासून थायरॉक्सिन घेतात त्यांनी हे लक्षात ठेवा: गरोदरपणात डोस साधारण पावपटीने ते दीडपटीपर्यंत वाढवावा लागतो, आणि तो लगेच. चाचणी सकारात्मक आली की रुग्णालयाच्या पहिल्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करायचा.

मुलगा झाला. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान नर्स बाळाची टाच टोचून कागदावर रक्ताचे चार थेंब घेते, ते अनेक आईवडिलांना बघवत नाही. आयर्लंडमध्ये ही तपासणी १९६६ पासून आहे आणि १९७९ पासून तिच्यात जन्मजात थायरॉईडची कमतरता बघतात. जन्मतः अशा बाळात काहीच दिसत नसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळी मिळाली तर मूल चारचौघांसारखे वाढते. उशीर झाला तर बुद्धीचे जे नुकसान होते ते भरून येत नाही. त्यामुळे कोणी बाळंतपण भारतात करणार असेल तर तिथे ही तपासणी आपण होऊन मागून घ्यावी. सगळ्या ठिकाणी ती आपोआप होत नाही. आमच्या मुलाची तपासणी निर्वेध निघाली. तो आता शाळेत जातो आणि मला सकाळी त्याला हाका माराव्या लागतात.

गोळीविषयी दोन शब्द. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास थांबायचे. आपला पहिला चहा नेमका आड येतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या अनेकजणी घेतात, त्या मात्र आमच्या डोक्याला ताप आहेत. कित्येक यंत्रांची चाचणीच बायोटिनवर बेतलेली असते. रक्तात ते जास्त असले की टी.एस.एच. खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते, म्हणजे धडधाकट बाईला कागदावर ग्रेव्ह्जचा आजार! रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी ते बंद करा, आणि घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

भारतातले आणि इथले अहवाल शेजारी ठेवून घाबरणारेही बरेच भेटतात. एकके वेगळी आहेत. टी.एस.एच.चा आकडा दोन्हीकडे सारखाच वाचायचा. भारतातले मोकळे टी-४ नॅनोग्रॅममध्ये येते, त्याला साधारण १३ ने गुणले की इथला आकडा मिळतो, १.२ म्हणजे इथले १५. साखरेच्या भारतीय आकड्याला १८ ने भागायचे: १२६ म्हणजे ७. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए-वन-सी, तिकडे टक्क्यांत तर इकडे वेगळ्याच मापात: ६.५ टक्के म्हणजे ४८. ड जीवनसत्त्वाला अडीचने गुणा. हे ड जीवनसत्त्वही खरे तर संप्रेरकाचाच कच्चा माल आहे. डब्लिनचा अक्षांश ५३, पुण्याचा साडेअठरा. ऑक्टोबर ते मार्च इथले ऊन ते बनवायला पुरत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला त्यातही जास्त ऊन लागते. ते कमी पडले की पॅराथायरॉईड ओरडू लागतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून घेतात. म्हणजे पुन्हा तेच, हाकेचा आवाज चढलेला.

आयोडीनचेही थोडे. भारतातल्या मिठात ते असते, म्हणून आपण त्याचा कधी विचार केलेला नसतो. इथल्या दुकानातल्या मिठात ते असेलच असे नाही, वेष्टन वाचून बघा. सैंधव आरोग्याला चांगले म्हणून वापरणाऱ्यांनीही वाचा. इथे लोकांना आयोडीन मुख्यतः गाईच्या दुधातून मिळते, त्यामुळे घरातल्या मुलींनी ओटचे किंवा बदामाचे दूध सुरू केले असेल तर त्यात ते घातले आहे का ते बघावे.

शेवटी इन्शुलिन, कारण आपल्या मंडळींत सर्वांत जास्त संसार त्याने ढवळले आहेत. इथे हाक मारणारा ठीक असतो, पण ऐकणाऱ्या पेशी बहिऱ्या होत जातात. स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन सोडते, आणि बरीच वर्षे साखर ठीक दिसते. मग ते थकते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक २२.३, दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! त्यांच्या १९९३ पासून चाललेल्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. हाडे-स्नायू कमी, चरबी मात्र फारशी कमी नाही. २००२ साली त्यांनी दाखवले की नाळेच्या रक्तातले इन्शुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा पुण्याच्या बाळांत जास्त असते. तेव्हा ‘मी तर काटकुळा, मला कसला मधुमेह’ हे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. वजन-उंचीच्या तक्त्यात २५ ही रेघ दाखवतात. दक्षिण आशियाई माणसाने २३ पासूनच जागे व्हावे, आणि टेपने कंबर मोजावी: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांची ८० च्या आत.

हा विभाग आरोग्याचा तसा अर्थाचाही आहे, म्हणून हिशेबाचे सांगते. इथल्या दीर्घकालीन आजारांच्या योजनेत मधुमेह आहे, उत्पन्न कितीही असले तरी त्याची औषधे मोफत मिळतात. अर्ज मात्र आपण करावा लागतो. थायरॉईड त्या यादीत नाही. औषध खर्चाच्या योजनेत मार्च २०२२ पासून एका कुटुंबाला महिन्याला ८० युरोंची मर्यादा आहे, पण थायरॉक्सिन इतके स्वस्त की एकट्या त्याने ती मर्यादा कोणी ओलांडत नाही. म्हणून पावत्या जपून ठेवा: डॉक्टरांची फी आणि लिहून दिलेली औषधे यांच्या खर्चावर २० टक्के करसवलत मिळते आणि मागच्या चार वर्षांपर्यंतची मागता येते.

ज्या ताईंपासून सुरुवात केली, त्यांच्या परवानगीने लिहिते. इथल्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासले, गोळी सुरू झाली, आणि मार्चमध्ये टी.एस.एच. ३.१ आले. वजन दीडच किलो उतरले. त्याबद्दल त्या माझ्यावर अजून थोड्या नाराज आहेत.